मादाम क्यूरी आणि रुग्णाच्या दारी गेलेले क्ष-किरण

नशिराबादहून जळगाव काही फार दूर नव्हे. दहा किलोमीटरांच्या आतबाहेरचा तो मार्ग धडधाकट मनुष्यास बोलता बोलता सरतो. परंतु ज्याच्या घरी कोणी अत्यवस्थ होऊन पडले आहे त्याला विचारावे, म्हणजे तेच अंतर किती वाढते हे कळून येईल. फार कशाला, रुग्णालयात पोहोचल्यावरही ही अडचण संपत नाही. अतिदक्षता विभागातील खाटेपासून तपासणीच्या मोठ्या यंत्रापर्यंतचे शंभर पावलांचे अंतरदेखील कित्येक रोग्यांना जिवावरचे ठरते. हलवावे तर हलविण्यातच प्राणांचे भय, आणि न हलवावे तर रोगाचा ठाव लागत नाही, असा हा पेच आहे. या पेचातून वाट काढण्यासाठी जिने आपल्या आयुष्याची चार उमेदीची वर्षे वेचली, आणि त्यापायी बहुधा आपले आयुष्यही कमी करून घेतले, त्या थोर स्त्रीचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. रेडियमचा शोध लावणारी म्हणून मादाम क्यूरी यांचे नाव शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते. त्यांच्या चरित्राचा हा दुसरा भाग मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.

मारी स्क्लोडोव्स्का हिचा जन्म पोलंड देशातील वॉर्सा शहरी ७ नोव्हेंबर १८६७ रोजी झाला. त्या काळी तो प्रांत रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. पोलिश मुलांना आपल्या मातृभाषेत शिकण्याची मोकळीक नव्हती, आणि मुलींना तर विद्यापीठाचे दार बंदच होते. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत, आई मुलींची शाळा चालवीत असे. अशा विद्याव्यासंगी घरावर क्षयरोगाची छाया पडली. आईला तो आजार जडला, आणि आपला रोग लेकरांस लागू नये म्हणून ती माउली मुलांना जवळ घेऊन कुरवाळीतही नसे. १८७८ साली ती वारली तेव्हा मारी अवघी दहा वर्षांची होती. रोग्याच्या छातीच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याचे कोणतेही साधन त्या वेळी जगातील एकाही वैद्यापाशी नव्हते. छातीवर बोटांनी ठोकून व नळी लावून जे ऐकू येईल, त्यावरच अनुमान बांधावे लागे.

मारी पंधराव्या वर्षी सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली. पुढील शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी आपसांत करार केला. थोरल्या ब्रोन्याने पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावे आणि मारीने परगावी मुलांची शिक्षिका होऊन तिला पैसे पाठवावेत, मग ब्रोन्याने मारीस बोलावून घ्यावे, असे ठरले. हा शब्द दोघींनीही पाळला. दुसऱ्यांच्या घरी नोकरी करीत असताना फावल्या वेळात मारी खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना गुप्तपणे पोलिश लिहावयास शिकवी. सरकारच्या कानी गेले असते तर याबद्दल शिक्षा झाली असती. अखेर १८९१ साली ती पॅरिसला गेली. एका थंडगार माळ्यावरील खोलीत राहून, अर्धपोटी अभ्यास करून, १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली, आणि पुढल्याच वर्षी गणितात दुसरी.

१८९५ च्या जुलै महिन्यात मारीचा विवाह पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी जर्मनीतील व्युर्ट्झबर्ग येथे प्राध्यापक रॉन्टगेन यांना आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत एक अद्भुत किरण सापडला. तो लाकूड, कागद, मांस यांतून आरपार जाई, परंतु हाडे व धातू यांनी अडे. त्याचे खरे स्वरूप अज्ञात, म्हणून त्याला क्ष-किरण हे नाव मिळाले. त्यापाठोपाठ बेकरेल यांना युरेनियममधून आपोआप निघणारे किरण आढळले. मादाम क्यूरी यांनी या दुसऱ्या किरणांचा पिच्छा पुरविला. त्यांनी व पिएर यांनी १८९८ साली पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये जगापुढे आणली, आणि पुढे गळक्या छपराच्या एका पडवीत टनावारी खनिज उकळून व ढवळून रेडियम वेगळे काढले. १९०३ साली बेकरेल यांच्यासह पतिपत्नींना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेडियम काढण्याच्या कृतीवर त्यांनी कसलाही एकाधिकार घेतला नाही, आणि चालून आलेली संपत्ती अशा रीतीने सोडून दिली. १९०६ च्या एप्रिलमध्ये पिएर रस्त्यात घोडागाडीखाली सापडून मृत्यू पावले. दोन लहान मुलींची ही विधवा माता पतीच्या जागी विद्यापीठात शिकवू लागली. १९११ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. हा सर्व इतिहास सुपरिचित असल्यामुळे आम्ही तो येथे थोडक्यात आटोपतो आणि मुख्य विषयाकडे वळतो.

क्ष-किरणांनी शरीराच्या आत पाहण्याचे दोन मार्ग आहेत, हे येथे समजून घेतले पाहिजे. दिवाळीच्या रात्री पणतीपुढे हात धरून मुले भिंतीवर हरिण किंवा ससा उमटवितात. त्या सावलीचे जर कोणी चित्र काढून ठेविले, तर तो ससा जागच्या जागी स्थिर राहील. परंतु भिंतीकडेच पाहात राहिले, तर सशाचे कान हलताना दिसतील. क्ष-किरणांचेही तसेच आहे. किरणांपुढे छायाचित्राची काच ठेविली तर एक स्थिर चित्र मिळते. काचेऐवजी किरण पडताच चमकणाऱ्या लेपाचा पडदा धरला, तर शरीराची जिवंत, हलती छाया दिसते. बोस्टन येथील डॉक्टर फ्रान्सिस विल्यम्स यांनी १८९६ पासून अशा पडद्यावर क्षयरोग्यांच्या छातीतील श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूंचा पडदा, खालीवर होताना पाहिला, आणि रोगी बाजूस त्याची हालचाल कमी होते असे त्यांना दिसून आले. १८९७ साली ग्लासगोच्या जॉन मॅकिंटायर यांनी बेडकाच्या हलत्या पायाचे क्ष-किरण चलच्चित्रही तयार केले. छाती हे सतत हलणारे इंद्रिय होय. तिचे स्थिर चित्र म्हणजे चालत्या मोटेचे एका क्षणी काढलेले चित्र. मोट विहिरीत आहे एवढे त्यावरून कळेल, पण पाणी वर येत आहे की नाही हे कळणार नाही.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. जर्मन सैन्य पॅरिसच्या रोखाने येऊ लागले, तेव्हा बाईंनी प्रयोगशाळेतील रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून आगगाडीने बोर्दो येथे नेऊन सुरक्षित ठेविले, आणि लागलीच त्या माघारी आल्या. आता करावे काय, असा प्रश्न होता. त्यांच्या ध्यानात आले की, गोळ्यांनी व तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी घायाळ झालेले सैनिक हजारांनी रुग्णालयांत येत आहेत. परंतु क्ष-किरणांची यंत्रे मोठ्या शहरांतील थोड्याच रुग्णालयांत आहेत. गोळी कोठे रुतली आहे हे न कळता शल्यवैद्य चिरफाड करीत. घायाळांना यंत्रापर्यंत न्यावे, तर खड्ड्यांच्या रस्त्यावरील हादऱ्यांनीच पुष्कळजण दगावण्याचे भय. तेव्हा रोग्याने यंत्राकडे जाण्याऐवजी यंत्राने रोग्याकडे जावे, असा उलट विचार त्यांनी केला.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. तत्कालीन हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाच्या लष्करी शल्यवैद्याने क्ष-किरणांचे यंत्र डोंगराळ मुलुखात नेऊन वापरले होते. परंतु हे काम हजारो घायाळांसाठी, नित्याच्या व्यवस्थेने करून दाखविण्याचे श्रेय मादाम क्यूरी यांचेच आहे. फ्रान्समधील स्त्रियांच्या एका साहाय्यक संस्थेने दिलेल्या पैशातून पहिली मोटार सजली. गाडीत वीज निर्माण करणारा डायनॅमो, क्ष-किरणांची नळी, ती टांगण्याची चौकट, घडीचे टेबल, चमकणारा पडदा, छायाचित्रांच्या काचा, काळे पडदे व लांब तार एवढे सामान असे. रुग्णालयाशी गाडी थांबली की इंजिनाच्या जोरावर डायनॅमो फिरू लागे, तार खिडकीतून आत घेतली जाई, दारेखिडक्या काळ्या पडद्यांनी झाकल्या जात, आणि सुमारे अर्ध्या तासात त्या साध्या खोलीचे क्ष-किरणगृह बनून जाई. मग एकामागून एक घायाळ टेबलावर येत. शल्यवैद्य पडद्यावरील सावलीत गोळीचा काळा ठिपका पाहात. नळी थोडी सरकवून दुसरी सावली घेतली म्हणजे दोन सावल्यांमधील अंतरावरून गोळी किती खोल आहे याचे गणित करता येई. पुष्कळदा त्या हलत्या छायेकडे पाहात पाहातच शस्त्रक्रिया होई.

सरकारी कचेऱ्यांतून परवानगी मिळविणे, श्रीमंतांच्या घरी जाऊन त्यांच्या मोटारी मागून आणणे, या कामी बाईंना प्रत्यक्ष विज्ञानाइतकेच श्रम पडले. दोन नोबेल पारितोषिके मिळविलेल्या या विदुषीने शरीररचनाशास्त्राची पुस्तके नव्याने उघडली. १९१६ साली त्यांनी मोटार चालविण्याचा परवाना काढला. चाक बदलणे, इंजिन साफ करणे ही कामे त्या स्वतः करीत. एकदा गाडी खड्ड्यात उलटून सामानाच्या पेट्या त्यांच्या अंगावर कोसळल्या, तरी खरचटलेल्या अंगाने त्या पुन्हा कामास लागल्या. सतरा वर्षांची थोरली कन्या इरेन त्यांच्याबरोबर निघाली, आणि अठराव्या वर्षी तर ती एकटीने घायाळांची तपासणी सांभाळू लागली. सैनिक या मोटारींना क्यूरीच्या छोट्या गाड्या म्हणत. युद्ध संपेपर्यंत अशा २० गाड्या व रुग्णालयांतून बसविलेली २०० क्ष-किरणगृहे बाईंच्या खटपटीने उभी राहिली होती. या सर्वांतून दहा लाखांहून अधिक घायाळांची तपासणी झाली. यंत्रे झाली तरी ती चालविणारी माणसे कोठून आणावयाची, म्हणून त्यांनी पॅरिस येथे सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवून तयार केले. त्यांत फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियाही होत्या. त्यांना समजेल अशा भाषेत गणित व वीज शिकविणे बाईंना कमीपणाचे वाटले नाही. १९२१ साली त्यांनी या सर्व अनुभवावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

परंतु या सेवेचे मोल फार जबर होते. हलती छाया पाहावयाची म्हणजे किरण सतत चालू ठेवावे लागत, आणि पाहणाराही त्यांच्या माऱ्यात उभा राही. हातमोजे व शिशाचा लहानसा आडपडदा याखेरीज संरक्षण नव्हते, आणि दिवसाकाठी कितीतरी रोगी तपासावे लागत. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्वचेला तत्काळ भाजीत नाहीत. त्यांचा परिणाम वर्षांनंतर प्रकट होतो. पुढे हा धोका जसजसा कळून येऊ लागला, तसतसा रोग्याच्या खाटेपाशी हलत्या छायेचा वापर मागे पडला आणि क्षणभर किरण सोडून घेतलेले स्थिर छायाचित्र तेवढे उरले.

१९३४ च्या उन्हाळ्यात मादाम क्यूरी यांना ज्वर व अशक्तपणा यांनी अंथरुणास खिळविले. वैद्यांना फुप्फुसांतील जुन्या क्षयाच्या व्रणांचा संशय आला, आणि त्यांनी त्यांना आल्प्स पर्वतातील आरोग्यधामात नेण्याचा सल्ला दिला. धाकटी कन्या ईव्ह व एक परिचारिका त्यांना घेऊन आगगाडीने निघाल्या. तो प्रवास त्यांना सोसला नाही, आणि वाटेतच त्यांची शुद्ध हरपली. आरोग्यधामात पोहोचल्यावर छातीची पुन्हा क्ष-किरण तपासणी झाली, तो फुप्फुसांत काहीच रोग नाही असे आढळले! प्रवास व्यर्थ झाला होता. खरा रोग रक्ताचा होता, कारण हाडांतील मज्जा नवे रक्त निर्माण करीनाशी झाली होती. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे देहावसान झाले. जिने लाखो घायाळांचे हलविणे वाचविले, तिलाच अखेरच्या दुखण्यात एका चुकीच्या अनुमानापायी दूर हलविले जावे, यापरते दैवदुर्विलसित कोणते! १९९५ साली पॅरिसमधील पँथेऑन या राष्ट्रीय समाधिमंदिरात त्यांचे अवशेष हलविण्यात आले. स्वतःच्या कर्तृत्वावर तेथे स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या वेळी शवपेटीची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी, त्यांच्या आजारास रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरणच अधिक कारण झाले असावेत, असे मत दिले. आईबरोबर युद्धभूमीवर राबलेली इरेन पुढे स्वतःही नोबेल पारितोषिकाची मानकरी झाली. १९५० च्या जानेवारीत तिने कलकत्ता येथे अणुविज्ञानाच्या संस्थेचे उद्घाटन केले, आणि १९५६ साली तीही रक्ताच्या कर्करोगाने वारली.

आता हे पुराण आज कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की, मादाम क्यूरी यांची हलती छाया आज नव्या रूपाने रोग्याच्या खाटेशी परत येत आहे, आणि तिची कसोटी चालू आहे. जपानमधील कानाझावा विद्यापीठातील संशोधकांनी व इतर देशांतील वैद्यांनी या पद्धतीवर पुष्कळ परिश्रम केले आहेत. रोग्याच्या पाठीखाली काचेऐवजी किरण टिपणारी एक सपाट पाटी सरकवितात. क्ष-किरण अखंड न सोडता अत्यंत अल्प मात्रेने ठोक्याठोक्याने सोडतात, आणि सेकंदाला सुमारे १५ प्रमाणे काही सेकंद चित्रे घेतात. ती ओळीने दाखविली की श्वासाबरोबर फुप्फुस फुगते, श्वासपटल खालीवर होते, हृदय धडधडते, हे सर्व दिसते. फुप्फुसात हवा भरली की त्याची छाया फिकी होते व रक्त आले की किंचित गडद होते. या बारीक फरकांवरून कोणत्या भागात हवा पोहोचत नाही किंवा रक्त जात नाही, याचे गणित यंत्र मांडते. चाकांवरच्या यंत्राने हे खाटेपाशीच करता आले, तर ज्याच्या घशात नळी आहे व ज्याचा श्वास यंत्राने चालतो, अशा रोग्याला हलविण्याचे कारण पुष्कळ अंशी उरणार नाही.

परंतु होईल म्हणणे निराळे आणि होते असे सिद्ध करणे निराळे. उभा राहून सांगितल्याबरोबर दीर्घ श्वास घेणाऱ्या मनुष्याचे चित्र चांगले येते. बेशुद्ध पडलेल्या, आडव्या, नळ्यांनी वेढलेल्या रोग्याचे तसेच येईल काय? छायेतील फरक रोगामुळे आहे की पाटी तिरपी सरकल्यामुळे? शेजारच्या खाटेवरील रोग्यास व परिचारिकेस किती किरण लागतात? नव्या यंत्राने दाखविलेला दोष जुन्या खात्रीच्या तपासणीतही आढळतो काय, आणि ज्याला दोष नाही त्याच्या ठिकाणी ते उगाच दोष दाखवीत नाही ना? फुप्फुसाचा भाग मिटल्यावर किंवा रक्तवाहिनी अडल्यावर छाया कशी बदलते हे आधी डुकरांवर पाहिले गेले आणि माणसांच्या तपासणीतही पडताळले जात आहे. अतिदक्षता विभागातील रोग्यांच्या बाबतीत तर ही कसोटी विशेष कडक असावयास हवी. छायेचा अर्थ चुकला तर काय होते, याचे उदाहरण स्वतः मादाम क्यूरी यांच्या अखेरच्या प्रवासाने आपल्यापुढे ठेविले आहे. आणि अदृश्य किरणांची मात्रा न मोजता काम केले तर काय होते, हेही त्यांच्याच देहाने दाखविले आहे.

आमच्या शाळेच्या पटावरील पुष्कळ मुले खेड्यांतून येतात. दूरच्या यंत्रासाठी आजारी माणसास घेऊन फिरणे म्हणजे काय, हे त्यांच्या घरांना सांगावयास नको. क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी डिसेंबर १९२४ नव्हे, तर डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या देशात जी शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तीत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे गावोगाव नेण्यात आली. मारीच्या आईस जो रोग झाला तो शंभराहून अधिक वर्षांनंतरही आमच्यातून गेलेला नाही, ही लाजेची गोष्ट खरी. तथापि यंत्र रोग्याच्या दारी जाऊ लागले, ही समाधानाची गोष्ट होय.

मादाम क्यूरी प्रौढपणी कोणताही धर्माचार पाळीत नसत, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु शुभवर्तमानातील तो दयाळू शोमरोनी वाटेत पडलेल्या घायाळ मनुष्यापाशी स्वतः गेला, त्याने आपल्याकडे यावे म्हणून थांबला नाही, ही गोष्ट ज्यांनी या शाळेत ऐकली आहे, त्यांना खड्ड्यांच्या रस्त्याने चाललेली ती छोटी गाडी पाहून तिची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आमच्या मुलामुलींपैकी कोणी उद्या वैद्य होईल, कोणी परिचारिका, कोणी यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. त्यांनी या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्यात. दुःखी माणसापर्यंत आपण चालत जावे, ही एक. आणि जे साधन घेऊन जावयाचे ते आधी नीट पारखून घ्यावे, ही दुसरी. पहिलीवाचून विद्या निष्ठुर होते, आणि दुसरीवाचून दया घातक ठरते. या दोन्ही गोष्टी ज्यांच्या ठायी एकत्र नांदतील, अशी माणसे या शाळेतून निघोत, एवढीच आमची इच्छा आहे.